बंद पेटीतील नाणी

कुंभकोणमच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक सागवानी पेटी होती. तिला पितळी कडी होती आणि कडीला कुलूप. पेटीत आजोबांनी जमविलेली नाणी आहेत, एवढे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यापलीकडे कोणालाच काही ठाऊक नव्हते. आजोबा १९७४ साली गेले, पेटी माळ्यावर गेली, आणि ती खाली उतरली २००० साली, कौले बदलण्याच्या निमित्ताने. मधली सव्वीस वर्षे ती कोणी उघडली नाही. चोरी झाली नाही, आग लागली नाही, घरात पाणी शिरले नाही. तरीही पेटी उघडली तेव्हा आजोबांनी ठेवलेला संग्रह तिच्यात राहिला नव्हता. हे कसे घडले, ते आज आपल्याला सांगावयाचे आहे.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या गावात मराठी घर कसे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या वंशाचे राज्य पुढे इंग्रजांच्या छायेत का होईना, पण १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले, तरी त्याच्याबरोबर आलेली माणसे गेली नाहीत. तंजावर, कुंभकोणम् आणि आसपासच्या गावांत अशी घरे आजही आहेत. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, अशी त्यांची रीत. पुण्याच्या माणसाला त्यांची मराठी जरा चमत्कारिक वाटते, आणि त्यांना पुण्याची!

कुंभकोणम् हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. भांडी घडवावयाची म्हणजे जुना धातू वितळवावा लागतो, आणि खेड्यापाड्यांतून वजनावर येणाऱ्या त्या भंगारात फुटक्या तपेल्यांबरोबर जुनी नाणीही येत. आजोबा भांड्यांच्या व्यापाऱ्यांकडे जाऊन बसत आणि भट्टीत जाण्यापूर्वी ती निवडून घेत. त्यांना काय मिळाले नसेल! राजराज चोळाचे तांब्याचे नाणे, ज्याच्या एका अंगाला उभी आकृती आणि दुसऱ्या अंगाला बसलेली आकृती व तिच्याजवळ नागरी अक्षरांत राजाचे नाव. पुदुकोट्टै संस्थानचे, बोटाच्या पेरावर मावेल असे ‘अम्मन कासु’, ज्यावर एका बाजूस देवी बृहदंबा आणि दुसऱ्या बाजूस तेलुगू लिपीत ‘विजय’ हा शब्द. ईस्ट इंडिया कंपनीचे वीस कासूंचे जाडजूड तांब्याचे नाणे. तरंगंबाडीला डॅनिश लोकांची वसाहत १६२० पासून १८४५ पर्यंत होती, तिची शिशाची कासु नाणीही एकदोन मिळाली होती. प्रत्येक नाण्याची कागदी पुडी असे, आणि पुडीत एक चिठ्ठी. नाणे कोणत्या गावाहून आले, कोणी आणले, किती पैसे दिले, हे तिच्यावर मोडीत लिहिलेले असे. आजोबांच्या वडिलांपर्यंत घरचे सारे हिशेब मोडीतच होत असत, आणि ती सवय आजोबांनी सोडली नव्हती.

पेटी उघडली तेव्हा प्रथम दिसली ती कागदाची माती. कसर आणि वाळवी यांनी पुड्या फस्त केल्या होत्या. नाणी तळाशी एकत्र होऊन पडली होती. तांब्याच्या काही नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी धरली होती. बोट लावताच ती गळे आणि खाली खळगा दिसे. शिशाच्या नाण्यांच्या जागी पांढरे पीठ उरले होते. माझ्या एका काकांनी पेटी बंद करण्यापूर्वी चांदीचे रुपये मोठ्या काळजीने, शिधापत्रिकेला घालतात तशा मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले होते, हवा लागू नये म्हणून. त्या रुपयांवर हिरवट, चिकट लेप बसला होता. दहा-बारा नाणी रबराने बांधली होती. ते रबर वितळून त्यांच्यावर काळे पट्टे उमटले होते.

आपली समजूत अशी असते की धातू म्हणजे निर्जीव वस्तू. तो आहे तसा राहतो. पण सोने सोडले तर नाण्याचा जवळजवळ प्रत्येक धातू हवेशी, ओलाव्याशी आणि शेजारच्या वस्तूंशी सतत काही ना काही देवघेव करीत असतो.

तांब्याचेच पाहा. जुन्या तांब्यावर जो गर्द तपकिरी किंवा हिरवा, गुळगुळीत आणि कठीण थर चढतो, तो नाण्याचा रक्षक असतो. शेकडो वर्षांनी मिळालेले ते चिलखतच म्हणावे. पण जे नाणे खारट जमिनीत किंवा समुद्राजवळ पडून राहिलेले असते, त्याच्या अंगात क्लोराइड मुरलेले असते. त्याला ओलावा आणि हवा मिळाली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. ते आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड निर्माण होते, आणि चक्र चालू राहते. संग्रहालयांचे तज्ज्ञ याला काशाचा रोग म्हणतात. तो खरोखर रोगासारखाच वागतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली असली तर तो झोपून राहतो. कावेरीकाठी इतकी कोरडी हवा क्वचितच. आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस असतो, तेव्हा तर घरातले मीठसुद्धा पाझरते. अशा सव्वीस पावसाळ्यांत ती हिरवी भुकटी आपले काम करीत राहिली. पहिल्याच वर्षी कोणी पेटी उघडली असती, तर रोगट नाणी वेगळी काढता आली असती.

शिशाचा शत्रू निराळा. लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून व प्लायवुडातून, सिरक्याच्या जातीची आम्ले बाष्परूपाने बाहेर पडत असतात. उघड्या खोलीत ती विरून जातात, बंद पेटीत साठतात, आणि शिसे त्यांच्यापुढे टिकत नाही. त्याचे पांढरे पीठ होते. पेटी जितकी घट्ट तितका नाश अधिक, असा हा उलटा न्याय आहे. सातवाहनांची शिशाची नाणी आपल्यापैकी कोणाच्या घरी असतील, तर त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

चांदीचा घात आमच्या काकांच्या काळजीने केला. ते मऊ प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. त्याला मऊपणा यावा म्हणून घातलेली तेलकट द्रव्ये काही वर्षांनी बाहेर झिरपतात, प्लॅस्टिक स्वतः कुजते आणि आम्ल सोडते. चांदीच्या रुपयात तांब्याचा अंश असतोच, आणि तो अंश हिरवा होतो. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० पासून युद्धाच्या ओढाताणीत ती निम्म्यावर आली, आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. आमच्या पेटीतील व्हिक्टोरिया राणीचे रुपये त्यामानाने बरे निघाले; सहाव्या जॉर्जचे युद्धकाळातील रुपये पार बिघडले होते. रबरातील गंधकाने चांदी काळी पडते, हे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते.

एवढ्यावर भागले असते तर बरे होते. पेटी उतरली त्या दुपारी मी गावात नव्हतो. घरातील एका वृद्ध काकूंनी ती काळीहिरवी नाणी पाहिली आणि त्यांना वाईट वाटले. सासऱ्यांची आठवण अशी मळकी ठेवावयाची काय? त्यांनी चिंच आणि विटेची पूड घेतली, आणि ज्या हातांनी पन्नास वर्षे पितळेची भांडी आरशासारखी ठेवली, त्याच हातांनी राजराजाची नाणी घासून काढली. संध्याकाळी मी आलो तेव्हा ताटात नऊ नाणी नव्या पैशासारखी चमकत होती. चिंचेतील आम्लाने हजार वर्षांचा थर उतरविला होता आणि विटेने अक्षरे बोथट केली होती. काकू माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होत्या. मी ‘छान झाली’ असे म्हटले. दुसरे काय म्हणणार?

पण मला विचाराल तर धातूची हानी ही लहान हानी. खरी हानी चिठ्ठ्यांची. दक्षिणेतील तांब्याच्या नाण्यांवर बहुधा तारीख नसते, टांकसाळीचे नाव नसते. राजराजाच्या नाण्याचा तोच नमुना पुढे सिंहलद्वीपाच्या राजांनी आणि राणी लीलावतीनेही उचलला. अक्षरे झिजली की कोणते नाणे कोणाचे, हे ओळखणे अवघड होते. तंजावरच्या नायकांची बारीक नाणी पाहिली तर एका बाजूस देवता, दुसरीकडे एखादे अक्षर किंवा आकृती, एवढाच ऐवज. अशा वेळी ते नाणे कोठे आणि कोणत्या नाण्यांबरोबर सापडले, ही माहितीच त्याला बोलके करते. ती गेली की उरते ते तांबे, बाजारभावाने विकण्याजोगे.

याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातीलच आहेत. नाशिकजवळ गोदावरीकाठी जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची नाणी होती, आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एखाद्या राजाने दुसऱ्याचा पराभव केला याचा इतका रोकडा पुरावा इतिहासात विरळा. हीच नाणी सुटी सुटी सराफाच्या मुशीत गेली असती, तर ‘किती नाण्यांवर’ हा प्रश्नही कोणी विचारू शकला नसता. दुसरे उदाहरण वऱ्हाडातील तऱ्हाळ्याचे. तेथे १९३९ साली सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासिला, तेव्हा पुराणांच्या याद्यांत ज्यांचा उल्लेख नाही असे राजे पुढे आले. त्यांत एक कुंभ सातकर्णी, एक कर्ण सातकर्णी. कुंभकोणमच्या माणसाला पहिल्या नावाचे थोडे अधिक कौतुक वाटले, तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

जमिनीने अठराशे वर्षे जे राखले ते आमच्या माळ्याने सव्वीस वर्षेही राखले नाही, हे विचित्र दिसते खरे. पण पुरलेल्या साठ्यातील नाणी एकत्र असतात, त्यांच्याभोवती फारशी हवा खेळत नाही, आणि कोणी मध्येच हात घालून त्यांचा क्रम मोडत नाही. मद्रासकडे निघालेले ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर बुडाले. त्यात बर्मिंगहॅमजवळ पाडलेली कंपनीची दहा आणि वीस कासूंची तांब्याची नाणी पिंपे भरभरून होती. १९८० नंतरच्या दशकात पाणबुडे तेथे पोचले, तेव्हा सुटी पडलेली नाणी खाऱ्या पाण्याने खाल्लेली, तर पिंपातच घट्ट राहिलेली बरीचशी चांगल्या स्थितीत निघाली. आमच्या बाजारात खुळखुळावयाची ती नाणी पावणेदोनशे वर्षे समुद्राच्या तळाशी राहिली, आणि त्यांतली काही माझ्या आजोबांच्या नाण्यांपेक्षा नवी दिसतात!

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी काय करावे? वर्षातून एकदा, पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर, ती उघडावी. नाणी कडेने धरावी. बोटांच्या घामातही मीठ असते. पीव्हीसीच्या पिशव्या काढून टाकाव्या आणि पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्या. डब्यात ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी. मात्र ती वेळोवेळी बदलावी लागते, नाहीतर ती नुसती शोभेची. हिरवी भुकटी दिसताच ते नाणे इतरांपासून दूर करावे आणि जाणकाराला दाखवावे. घासू नये, चिंच तर मुळीच लावू नये. शिशाची नाणी लाकडात ठेवू नयेत. आणि सर्वांत आधी प्रत्येक नाण्याचे छायाचित्र घेऊन त्याची हकीकत दोन वेगळ्या वह्यांत, घरातल्या पुढच्या माणसाला वाचता येईल अशा लिपीत लिहून ठेवावी.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. हा कायदा १८७८ चा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका भावाला आजोबांची आठवण म्हणून चार नाणी न्यावयाची होती. त्याला छायाचित्रांवर समाधान मानावे लागले.

कागदाच्या त्या मातीतून आम्ही चाळीस-एक चिठ्ठ्या शोधून काढल्या. आमच्यापैकी कोणालाच मोडी येत नव्हती. तंजावरच्या एका वृद्ध गृहस्थांना ती येत असे; त्यांनी एक दिवस बसून त्या सगळ्या वाचून दाखविल्या. एका चिठ्ठीवर लिहिले होते की पळैयारैच्या शेतात नांगरताना मिळालेली राजराजाची चार नाणी, किंमत दोन आणे. पळैयारै हे कुंभकोणमजवळचे गाव. चोळांच्या वैभवाच्या काळात तेथे त्यांचे राजवाडे होते. ताटात तशी नऊ नाणी होती, नऊही सारखीच चमकणारी. त्यांतली ती चार कोणती, हे मी गेली कित्येक वर्षे भिंगाखाली पाहत आहे.