जिथे हात आहे तिथे दांडा

बाबांनी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणं बंद केलंय, हे आमच्या लक्षात यायला दोन महिने लागले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. हळूहळू काठी टेकत संडासापर्यंत जाऊ लागले, पण कमोडवरून उठताना आई लागायचीच. रात्री तिची झोपमोड नको, म्हणून पाणी बंद.

मी सॉफ्टवेअरवाला. रविवारी एक स्टीलचा दांडा आणला आणि अर्ध्या तासात बसवला. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात कमोड कोपऱ्यात आहे, बसल्यावर डाव्या हाताला भिंत. बाबा बसले, दांड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हा हात उचलून त्यावर ठेवायला कोण येणार?"

जिथे भिंत होती तिथे मी दांडा लावला होता. जिथे हात होता तिथे नाही.

उजवीकडे मोकळी जागा. तिथूनच बाबा आत येतात, आंघोळीच्या वेळी आई तिथेच उभी राहते. कायमचा खांब रोवणं शक्य नव्हतं. यासाठीच घडीचा दांडा असतो. तो कमोडमागच्या भिंतीला बिजागरीवर बसतो. हवा तेव्हा आडवा पाडायचा, नको तेव्हा उभा करून भिंतीला टेकवायचा.

खरी मेख मात्र त्या मागच्या भिंतीत होती. हिशेब बघा. दांडा ६० सेंमी लांब, उठताना त्याच्या टोकावर ४० किलो भार पडला आणि पट्टीच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये १५ सेंमी अंतर असलं, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारा ओढा साधारण चौपट, म्हणजे १६० किलो! दुकानदार दांडा किती किलो पेलतो ते सांगतो. भिंत किती पेलते हे कोण सांगणार? आमच्या कडियाने (गवंड्याला इथे आम्ही कडियाच म्हणतो) टाइलवर बोटांनी टकटक केली आणि मान हलवली. साडेचार इंची जुनी वीट, टाइलमागे पोकळी. प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू इथे टिकणार नाहीत, म्हणाला. मग भिंतीतून आरपार बोल्ट घातले आणि पलीकडे कोठीच्या खोलीत पोलादी पट्टी लावून आवळले. आधी मी स्वतः सगळा भार टाकून पाहिला.

उंचीसाठी बाबांनाच बसवून खूण केली. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत असा दांडा कमोडच्या मध्यरेषेपासून ३२० मिमीवर आणि आसनापासून २०० ते २५० मिमी उंच असावा असं दिलंय. बाबांच्या कोपराला २२० जमलं. आणखी एक सांगतो. उभा केलेला दांडा आपोआप खाली येत नाही ना, हे घेतानाच तपासा. आमचा पहिल्या आठवड्यात एकदा माझ्या डोक्यात बसला, मग बिजागरी घट्ट केली.

पहिल्याच रात्री बाबा एकटे गेले आणि आतून कडी लावली. आई बाहेर दार ठोठावतेय, आणि आतून शांतपणे, "येतो गं." त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी कडी बसवली, तेव्हा दोन्ही पक्ष गप्प झाले.

आता बाबांच्या उशाशी तांब्या असतो. कोठीतली पट्टी मात्र आईला खुपते. तिने त्यावर कालनिर्णय टांगलंय.