पऱ्हाटी एका वर्षाची नाहीच!

ऑक्टोबरमध्ये हिवरा आश्रमच्या शिवारात चक्कर मारा. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखलं जाणारं, मेहकर तालुक्यातलं हे गाव. सोयाबीन निघत असतं, तूर फुलायची असते आणि काळ्या जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या, फुलं, बोंडं एकाच वेळी अंगावर घेऊन उभी असते. जूनमध्ये लावायची, उन्हाळ्याआधी उपटायची. म्हणजे हंगामी पीकच, नाही का?

मुळीच नाही! कपाशी हे उष्ण प्रदेशातलं बहुवर्षायू झुडूप आहे. अंगणातला देवकापूस पाहा: माणसाच्या डोक्यावर जातो आणि वर्षानुवर्षं वातींना कापूस पुरवतो.

मग शेतातली पऱ्हाटी अशी कशी झाली? तिचे रानटी भाऊबंद मेक्सिकोत, युकातानच्या किनाऱ्यावरच्या झुडपांत आजही वाढतात. बोंडं लहान, धागा आखूड आणि तपकिरी. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ही झुडपं फुलतच नाहीत. माणसानं हजारो वर्षं ठेंगणी, लवकर फुलणारी, पांढऱ्या लांब धाग्याची झाडं निवडली, त्यांचंच बी राखलं आणि ही वाट पाहण्याची सवय मोडून काढली.

त्याआधीची गोष्ट तर याहून अजब. आपल्या देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रं असतात, शेतातल्या या अमेरिकन कपाशीत 52. त्यातली निम्मी आफ्रिका-आशियातल्या कपाशीशी नातं सांगतात आणि निम्मी अमेरिकेतल्या! सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, बहुधा समुद्रावर तरंगत, आफ्रिकेकडच्या कुळाचं बी तिकडे पोहोचलं आणि तिथल्या कपाशीशी त्याचा संकर झाला. माणसाच्या हातचं जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूस वाण, एच-4, कापूस संशोधक सी. टी. पटेल यांनी सुरतेत 1970 साली दिलं. निसर्गानं मात्र दोन खंडांचा संकर केला, तेव्हा आपली मानवजात जन्मायचीही होती!

आता फुलाकडे या. सकाळी उमलतं तेव्हा दुधाळ, पिवळसर. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी! या रंगबदलाकडे आपलं लक्ष जातं. खरी किमया आत, कोवळ्या बियांवर चाललेली असते. फूल उमललं त्याच सुमारास बियांच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात आणि लांबू लागतात. थांबा, हे नीट ऐका: कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी! जाडी सूक्ष्मदर्शकातून पाहण्याजोगी, लांबी मात्र इंचभर, म्हणजे जाडीच्या हजारपटीहून जास्त.

पहिले सुमारे तीन आठवडे ती मुख्यतः लांबते. मग आतल्या भिंतीवर सेल्युलोजचे थर चढू लागतात, रोज थोडे थोडे. साधारण सात आठवड्यांत बोंड फुटतं. हवा लागते, आतलं पाणी उडतं, आणि पोकळ नळी सायकलच्या हवा गेलेल्या ट्यूबसारखी चपटी होऊन पीळ खाते. हा पीळ नसता, तर तंतू एकमेकांत असे धरून राहिले नसते. आपल्या सुती कपड्यांच्या बळात या सुकलेल्या पेशीच्या पिळाचाही वाटा!

बोंडं फुटली की शेतात सीतादहीची पूजा होते आणि पहिला वेचा सुरू होतो. शेवटचा वेचा झाला की खरी परीक्षा. पाणी दिलंत, तर पऱ्हाटी पुन्हा पालवते, पुन्हा फुलते. शेतकरी याला फरदड म्हणतात. झुडपाचा मूळ स्वभाव इतक्या निवडीनंतरही पुसलेला नाही! अडचण एवढीच की शेतात हिरवी बोंडं राहिली, की गुलाबी बोंडअळीलाही खाणं मिळत राहतं. म्हणून कृषितज्ज्ञ फरदड नको, पऱ्हाट्या वेळेवर उपटा असं बजावतात. कपाशीचा हंगाम तिच्या आयुष्यामुळे संपत नाही. तो शेतकऱ्याला दरवर्षी आपल्या हातानं संपवावा लागतो.