गांवचा उत्सव आणि घरचे हात

‘उत्सव’ ह्या शब्दाच्या मुळाशीं ‘उद्’ हा उपसर्ग व ‘प्रेरणा देणें’ ह्या अर्थाचा ‘सू’ हा धातु आहे. वर उचलणें, चालना देणें, आरंभ करणें हा त्याचा मूळचा भाव. रोषणाई, वाजंत्री व मिष्टान्न हीं त्यास मागाहून चिकटलीं. कोशांतून ह्या शब्दाचा ‘उद्योग’ असाहि एक अर्थ दिलेला आढळतो. शब्दाचें हें कूळ ध्यानांत ठेविलें म्हणजे उत्सवाची परीक्षा करण्यास एक सोपें माप हातीं येतें. उत्सव आटोपल्यावर गांव पूर्वीपेक्षां तसूभर तरी वर उचललें गेलें काय, आणि तें उचलण्यास कोणाचे हात लागले? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर तो उत्सव. नाहीं तर ती नुसती गर्दी.

हें माप आमच्या यवतमाळ जिल्ह्यास लावून पाहण्यास कारण आहे. मागील कांहीं वर्षांत येथें उत्सव दोन वेळां परत आला. एकदां सेहेचाळीस वर्षांच्या अंतरानें, आणि एकदां महामारीनें लादलेल्या मौनानंतर. दोन्ही प्रसंगीं मंडप उभे राहिले, दिवे लागले, लोक लोटले. परंतु गृहस्थाश्रमी माणसानें घ्यावयाचा बोध मंडपाच्या दर्शनी कमानींत नसून मागच्या बाजूस, जेथें पाण्याचीं पिंपें भरलीं जातात व पंगतीचे पाट मांडले जातात तेथें आहे.

सेहेचाळीस वर्षांनीं

यवतमाळ येथें १९७३ सालीं मराठी साहित्य संमेलनाचें ४९ वें अधिवेशन भरलें होतें. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्या वेळचे राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे ह्याच जिल्ह्यांतल्या, पुसद तालुक्यांतील गहुलीचे. आणि मूळचे वणीचे लोकनायक बापूजी अणे ह्यांच्या ‘तिलकयशोऽर्णवः’ ह्या संस्कृत महाकाव्यास साहित्य अकादमीचा मरणोत्तर पुरस्कार मिळाला, तोहि १९७३ सालचाच. कापसाच्या ह्या जिल्ह्यास सरस्वतीचें वावडें नाहीं, हें सांगण्यास एवढें पुरे आहे.

तथापि संमेलन पुन्हां येथें आलें तें थेट २०१९ च्या जानेवारींत, ११ ते १३ ह्या तीन दिवशीं. हें ९२ वें संमेलन. मधल्या काळांत बेचाळीस संमेलनें इतर गांवीं भरून गेलीं. १९७३ सालीं ज्या मुलांनीं वडिलांचें बोट धरून माडगूळकरांस पाहिलें असेल, त्यांच्या बोटाशीं आतां नातवंडें होतीं.

बाहेरून येणाऱ्यास संमेलन म्हणजे तीन दिवसांचीं भाषणें, कविता व पुस्तकांची खरेदी. यजमान गांवास मात्र तें कित्येक महिन्यांचें काम असतें. उतरण्याच्या जागा पाहणें, पंगतींचा अंदाज बांधणें, ग्रंथदिंडीचा मार्ग आंखणें, पुस्तकांच्या गाळ्यांची मांडणी करणें, वृद्ध पाहुण्यांस हात देऊन व्यासपीठापर्यंत नेणें, चुकलेलें पोर आईच्या स्वाधीन करणें, मध्यरात्रीं येऊन पोहोंचलेल्या प्रतिनिधीस खोली उघडून देणें, हीं कामें कोणत्याहि कार्यक्रमपत्रिकेंत छापलीं जात नाहींत. अनुदान व देणग्या ह्यांनीं मांडव विकत मिळतो. अगत्य मिळत नाहीं. तें ज्या त्या घरानेंच द्यावें लागतें.

निमंत्रण म्हणजे वचन

यजमानपणाची कसोटी ह्या संमेलनांत फार कठोरपणें लागली. तिचा उल्लेख टाळून केलेलें वर्णन सोयीचें होईल, प्रामाणिक होणार नाहीं. उद्घाटनासाठीं ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल ह्यांस निमंत्रण गेलें होतें. त्या इंग्रजींतून लिहितात, ह्या कारणावरून विरोध उठला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि संमेलन अवघ्या कांहीं दिवसांवर आलें असतां आयोजकांनीं तें निमंत्रण मागें घेतलें. अनेक साहित्यिकांनीं येण्याचें नाकारलें. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी ह्यांनीं राजीनामा दिला. संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे ह्यांनींहि आपल्या भाषणांत ह्या प्रकाराविषयीं नापसंती व्यक्त केली.

ज्यांचें मराठीपण उणें म्हणून आक्षेप घेतला गेला, त्या बाईंचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी कुळांतले व संस्कृतचे विद्वान्. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चें इंग्रजी भाषांतर त्यांनीं केलेलें आहे. पण हें नातें नसतें तरीहि न्याय बदलला नसता. पाहुण्याचीं मतें यजमानास पटलींच पाहिजेत असें नाहीं. तो विचार निमंत्रण लिहिण्यापूर्वीं करावयाचा असतो. एकदां अक्षत पाठविल्यावर दार लावून घेणें, हें आपल्या घरांतल्या कोणत्याहि मंगल कार्यांत चालत नाहीं. मग गांवाच्या कार्यांत कसें चालावें? स्वयंसेवकानें सतरंज्या अंथरतांना हेंहि विचारलें पाहिजे कीं, ज्यांच्यासाठीं मी बैठक घालतों त्यांस येथें सुखानें बसतां येईल ना? जो हात राबतो त्यास असें विचारण्याचा अधिकार आहे.

ह्या गोंधळांतून जें निष्पन्न झालें तें मात्र कोणी आधीं योजिलें नव्हतें. उद्घाटनाचा मान जिल्ह्यांतीलच राजूर गांवच्या वैशाली येडे ह्यांस देण्यांत आला. पतीच्या आत्महत्येनंतर संसाराचा भार एकटीनें ओढणारी ही शेतकरी स्त्री. शेतकऱ्यांच्या विधवांचें जिणें दाखविणाऱ्या ‘तेरवं’ ह्या श्याम पेठकर ह्यांच्या नाटकांत त्यांनीं काम केलें होतें. साहित्याच्या त्या व्यासपीठावरून त्या न अडखळतां बोलल्या. अडचणीच्या वेळीं दिल्लीची नव्हे तर आपल्या गल्लींतली बाईच उपयोगीं पडते, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढले. ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांस तें वादावरील उत्तर वाटलें असेल. मला त्यांत सेवाधर्माची व्याख्याच दिसते. गल्लींतली बाई, म्हणजे जिला हांक पोहोंचते ती.

मौनाचीं दोन वर्षें

पुढल्याच वर्षीं करोनाची महामारी आली. २०२० सालीं सार्वजनिक गणेशमूर्तीची उंची चार फुटांवर व घरगुती मूर्तीची दोन फुटांवर आणण्यांत आली; मिरवणुका थांबल्या. २०२१ च्या फेब्रुवारींत विदर्भांतील ज्या जिल्ह्यांवर इतरांआधीं पुन्हां निर्बंध आले त्यांत यवतमाळ होतें. येथल्या नवरात्रांतील दुर्गोत्सवाविषयीं, कलकत्त्याच्या खालोखाल आमचाच, असें यवतमाळकर अभिमानानें म्हणत आले आहेत. तो झगमगाटहि मंदावला. अखेर २०२२ च्या गुढीपाडव्यास राज्यांतील निर्बंध उठले आणि त्या वर्षीं सण पुन्हां मोकळेपणानें साजरे झाले.

ह्या दोन वर्षांत हानि कशाची झाली? मौजेची झाली हें उघड आहे. पण ती भरून येते. खरी तूट पडली ती उमेदवारीची. मंडळांतला नवा मुलगा जुन्या कार्यकर्त्याच्या हाताखालीं दोर बांधावयास, वर्गणीचा हिशेब लिहावयास, गर्दींत आवाज न चढवितां रांग लावावयास शिकतो. हें शिक्षण पुस्तकांत नाहीं. दोन वर्षें तें बंद पडलें म्हणजे मधली एक पायरी निखळते. आणि उत्सव परततो तेव्हां ती रिकामी जागा कंत्राटदार भरून काढतो. मांडव त्याचा, वाढपी त्याचे, रांग लावणारेहि त्याचेच. गांवकरी मग आपल्याच उत्सवांत पाहुणा होतो.

उलट पक्षीं, संघटित हातांचें मोल ह्याच काळांत दिसलें. मुंबईच्या लालबागच्या प्रसिद्ध मंडळानें २०२० सालीं मूर्ति न बसवितां ‘आरोग्योत्सव’ केला व रक्तदानाचीं शिबिरें भरविलीं. ज्यांस मिरवणुकीची सवय होती, त्यांनीं तीच शिस्त रुग्णांच्या कामीं लावली. उत्सव ही सेवेची तालीम असते ती अशी.

हात कोठें लावावा?

आतां वाचक विचारतील, आम्हीं काय करावें? घर एकत्र कुटुंबाचें असलें तर त्यांत प्रत्येक वयाचे हात असतात, आणि प्रत्येक वयाजोगें काम गांवांत असतें.

महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींसाठीं राष्ट्रीय सेवा योजना आहे. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा व सात दिवसांचें ग्रामशिबिर अशी तिची आंखणी आहे. पुष्कळ पालक तिच्याकडे केवळ गुणांच्या दृष्टीनें पाहतात. त्यांनीं शिबिराहून परतलेल्या मुलास, प्रमाणपत्र मिळालें काय, एवढेंच न विचारतां, त्या गांवांत विहीर कोठें आहे व शाळेंत किती मुलें येतात, हें विचारावें. उत्तर आलें नाहीं तर शिबिर फुकट गेलें असें समजावें.

घरांतील वडील मंडळींसाठीं ग्रंथालय आहे. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला व ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. खेड्यांतलें ‘ड’ वर्गाचें ग्रंथालय तुटपुंज्या अनुदानावर चालतें. तेथें आठवड्यांतील एक दुपार बसून फाटकीं पुस्तकें चिकटविणें व मुलांस एखादी गोष्ट मोठ्यानें वाचून दाखविणें, ह्यास ना शक्ति फार लागते ना पैसा. संमेलन सेहेचाळीस वर्षांनीं येतें. ग्रंथालय रोज सायंकाळीं उघडतें.

स्त्रियांविषयीं एक गोष्ट स्पष्ट लिहितों. उत्सवांत व्यासपीठ पुरुषांचें व चूल बायकांची, ही वांटणी आतां तरी मोडावी. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष व अरुणा ढेरे ह्या संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. २०२५ सालीं दिल्लीस तारा भवाळकर झाल्या. आपल्या आळींतील मंडळाच्या समितींत मात्र सूनबाईंचें नांव हळदीकुंकवापुरतेंच असतें. मुलग्यांनीं पंगतींत वाढावें व मुलींनीं हिशेबाची वही धरावी. कामें अधिक नेटकीं होतील.

आणि उत्सव आपल्या वाड्यापुरता समजूं नये. ह्याच जिल्ह्यांत कोलामांची दंडार आहे, बंजारा तांड्यांवरील तीज आहे. त्यांस आपल्या मंचावर दहा मिनिटें ‘सादर’ करावयास लावण्याऐवजीं एकदां आपण त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जावें, आणि पाहुण्याच्या विनयानें बसावें.

झाडू आधीं, कीर्तन मागून

आमचीं महाविद्यालयें ज्या विद्यापीठाखालीं येतात, त्यास संत गाडगेबाबांचें नांव आहे. गाडगेबाबा गांवांत शिरले कीं प्रथम हातीं खराटा घेत. दिवसां गांव झाडावें व रात्रीं कीर्तन करावें, असा त्यांचा क्रम होता. पदव्या देणाऱ्या विद्यापीठास शाळेंत न गेलेल्या पुरुषाचें नांव असावें, ह्यांत मला कांहींच विपरीत वाटत नाहीं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनीं विदर्भाच्या खेडोपाडीं सामुदायिक प्रार्थनेस ग्रामसफाईची जोड दिली, ती ह्याच वळणाची. ह्याच जिल्ह्यांत १० जुलै १९३० रोजीं बापूजी अण्यांनीं पुसदजवळ राखीव जंगलांत गवत कापून जंगल-सत्याग्रह आरंभिला. विद्वान् वकिलाच्या हातीं विळा आला तेव्हां लोक त्यांच्यामागून निघाले. मोठेपणा हातानें काम केल्यानें उणावत नाहीं, हें ह्या मातीस नवें नाहीं.

आतां आरंभीं घेतलेलें माप पुन्हां लावूं. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या सहांत यवतमाळ होतें. सरकारचें काम सरकारनें करावेंच. पण पेरणीच्या दिवसांत एकट्या पडलेल्या घराकडे जाऊन बसणें, त्या घरच्या मुलीचा प्रवेश-अर्ज भरून देणें, बँकेचे कागद तिच्या आईस वाचून समजाविणें, हें कोणत्याहि योजनेंत बसत नाहीं. तें शेजाऱ्याचें काम आहे. मंडळाजवळ वर्गणीसाठीं फिरतांना केलेली घरांची यादी असते. त्याच यादींत कोणत्या घरीं कर्ता पुरुष उरला नाहीं, कोणत्या घरीं म्हातारीं एकटींच आहेत, एवढी खूण करून ठेवावी. उत्सवानंतर पंधरा दिवसांनीं त्याच मुलांनीं त्या दारांवरून पुन्हां एक फेरी करावी. ह्या वेळीं पावतीपुस्तक घरीं ठेवावें.

येत्या नवरात्रापूर्वीं घरांतील सर्वांनीं एका रात्रीं जेवणानंतर बसून कोण कोणतें काम अंगावर घेणार, हें ठरवावें आणि कागदावर लिहून भिंतीस लावावें. लहान मुलाचें नांवहि त्यांत असूं द्यावें.