दगड कुणाला लागतो?

गर्दीचं मन : लेखांक ७

गेल्या आठवड्यात अफवेबद्दल लिहिलं होतं. आज गर्दी आपल्या रागासाठी एकच माणूस कसा निवडते ते पाहू.

२० नोव्हेंबर १९५५. मुंबई महाराष्ट्राला न देता तिचं वेगळं राज्य करायचं, असं काँग्रेसश्रेष्ठींनी ठरवलं होतं. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील गिरगाव चौपाटीवर सभेला आले ते लोकांची समजूत घालायला. घातली भलतीच, काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशी भाषा झाली. दगड आले आणि सभा उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला पोलिसांच्या गोळीबारात १५ माणसं गेली. जानेवारी १९५६मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली.

मोरारजींनी या गोळीबाराचं समर्थन केलं. तो दोष त्यांचाच, त्यात काडीचीही सूट देता येणार नाही. पण मुंबई तोडण्याचा निर्णय त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्यात कार्यकारिणी होती, नेहरू होते. नेहरूंवर राग धरणं अनेकांच्या जिवावर येई. मोरारजींवर धरणं सोपं होतं. पुढे ऑगस्ट १९५६मध्ये तर अहमदाबादेत वेगळं गुजरात राज्य मागणाऱ्या महागुजरातवाल्यांनी जनता कर्फ्यू पाळून त्यांच्या सभेकडे पाठ फिरवली. इथे गुजरातधार्जिणा ठरलेला माणूस तिथे गुजरातद्रोही ठरला!

आजही जोडे मारो आंदोलनात हेच दिसतं. जुन्या शर्ट-पँटमध्ये पेंढा कोंबतात, वर पुढाऱ्याचा फोटो चिकटवतात. पहिली चप्पल बसेपर्यंत जरा संकोच असतो. मग मागचे पुढे घुसतात, एरवी मुंगी न मारणारा गृहस्थही दोन हाणून घेतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर उघड आनंद असतो. मला भीती वाटते ती या आनंदाची. पेंढ्याला लागत नाही म्हणून निभावतं.

पण हा आनंद पुतळ्यापाशी थांबत नाही. मोरारजींना पोलिसांचा पहारा होता. जानेवारी १९५६च्या दंगलीत फुटली ती गुजराती दुकानदारांची दुकानं. त्यांचा गुन्हा एवढाच, की मोरारजींची आणि त्यांची भाषा एक.

दादरला याहून वाईट घडून गेलं होतं. गांधीहत्येनंतर जमाव शिवाजी पार्कला सावरकर सदनावर चालून गेला. तिथे आवरला गेला, तसा वि. दा. सावरकरांच्या धाकट्या भावाच्या, डॉ. नारायणराव सावरकरांच्या घराकडे वळला. पेशाने दंतवैद्य, स्वतः स्वातंत्र्यचळवळीतले. त्यांना दगडांनी ठेचलं. त्यातून ते कधी नीट सावरलेच नाहीत. ऑक्टोबर १९४९मध्ये गेले. थोरल्या भावाबद्दल कुणाचं काही मत असो, त्या दगडांनी गांधींना कोणता न्याय मिळाला?

गर्दीला आवर घालता येतच नाही, असं मात्र मी मानत नाही. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो निदर्शक काळे झेंडे घेऊन वाटेवर उभे होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना तेव्हा लोक ‘सूर्याजी पिसाळ’, म्हणजे फितूर, म्हणत. तरीही तो दिवस शांततेत पार पडला. निदर्शकांनी आणि सरकारनेही स्वतःला कसं आवरलं, ते पुढच्या लेखांकात.