मानपत्रावरचे अनुस्वार

शेलारच्या शाळेत ज्यांनी मला शुद्धलेखन शिकवले, त्या गुरुजींना गेल्या श्रावणात पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार करायचे ठरवले आणि मी मराठीचा प्राध्यापक, तेव्हा मानपत्र लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. लिहून एका बैठकीत झाले. ते कागदावर उतरवायला मात्र मला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांची ही हकिकत.

मानपत्र हातकागदावर असावे ही हौस माझीच. पुण्याच्या हातकागद संस्थेचे नाव वाचकांनी ऐकले असेल. १९४० साली स्वदेशीच्या वातावरणात ती सुरू झाली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद मला विद्यार्थिदशेपासून आवडतो. जाडसर, किंचित पिवळट, आणि बोट फिरवले तर खादीसारखा हाताला लागणारा! असे काही ताव मी आणवले आणि मापात कापून घेतले. एका प्रतीसाठी छापखान्याची पायरी कोण चढणार? घरी प्रश्नपत्रिका काढण्यासाठी घेतलेला लेझर प्रिंटर होताच. त्यात ताव सारला आणि बटण दाबले.

लांबून पाहिले तर छपाई झकास. जवळून पाहिले आणि मला घाम फुटला. शिरोरेघा जागोजाग तुटलेल्या, अक्षरांच्या पोटात पांढरे ठिपके, आणि अनुस्वार तर निम्मेअधिक बेपत्ता. 'त्यांच्या हाताखाली आम्ही घडलो' असे मी लिहिले होते. कागदावर उमटले 'त्याच्या हाताखाली'. मराठीत आदर हा असा एका ठिपक्यावर उभा असतो, याचा इतका ढळढळीत पुरावा मला वर्गातही कधी देता आला नव्हता. शेवटी तर 'आपल्या चरणी आमचे वंदन' याचे 'आपल्या चरणी आमचे वदन' झाले होते! सौभाग्यवतींनी ते वाचले आणि म्हणाल्या, "असू द्या की. तोंड पायांवर ठेवले तरी नमस्कारच तो."

पण हे मानपत्र गुरुजींच्या हाती जायचे होते. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली सरकारने स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले, तेव्हा गुरुजी स्वतः शाळेत शिकत होते. जे गेले त्यांची हळहळ त्यांनी आम्हाला अनेकदा ऐकवली होती. जे उरले त्यांना ते डोळ्यांत तेल घालून जपत. आता उरलेलेही या यंत्राने काढून टाकले, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो? त्यातून अक्षरांवरून अंगठा फिरवला, तर काळी पूड निघून हाताला लागली.

मग मी हे यंत्र चालते कसे ते समजून घ्यायला बसलो. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे रंग मिसळलेल्या प्लास्टिकची पूड, आणि तिचा कण इतका बारीक की आपला केस त्याच्या कित्येक पट जाड भरेल. आतल्या एका रुळावर लेझरचा किरण विजेच्या भाराने अक्षरे रेखतो, पूड त्या अक्षरांना चिकटते, आणि कागद रुळाखालून जाताना त्याच्या पाठीमागून दिलेली वीज ती पूड कागदावर ओढून घेते. शेवटी जवळपास दोनशे अंश तापलेल्या रुळांमधून कागद दाबून काढला, की पूड वितळून कागदाला धरते.

ही विद्या चेस्टर कार्लसन या अमेरिकनाची. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर वीज आणली, पूड भुरभुरली आणि पहिली अक्षरे उमटवली. ती त्याने उचलली होती मेणकागदावर, म्हणजे अगदी गुळगुळीत पृष्ठावर! हातकागद घेऊन बसला असता, तर आज नाक्यानाक्यावर 'झेरॉक्स' अशा पाट्या दिसल्या असत्या की नाही, मला शंका आहे.

कारण हातकागदावर डोंगर आणि दऱ्या असतात. डोंगरमाथा रुळाला टेकतो आणि पूड घेतो. दरीत कागद आणि रूळ यांच्यामध्ये हवा राहते, तिथे विजेची ओढ कमी पडते आणि पूड रुळावरच बसून राहते. अनुस्वाराचा ठिपका दरीत सापडला, की संपलाच. चुकून उतरला तरी तापलेल्या रुळाचा दाब खोलात पोचत नाही, म्हणून तो कच्चा राहून पुसला जातो. बरे, वीज भरमसाट वाढवावी, तर हवेत ठिणग्या उडून पूड विखुरते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ही अडचण नव्हती. खिळा कागदात रुतत असे, आणि हातदाबाच्या काळी तर कागद मऊ पडावा म्हणून मुद्दाम ओलावून घेत. मीही भाबडेपणाने एक ताव ओल्या फडक्याने टिपून पाहिला. तो पहिल्यापेक्षा वाईट निघाला.

त्याचे कारण आमच्या दादांनी सांगितले. हे माझे चुलत भाऊ. सारा जन्म भिवंडीत यंत्रमागावर गेला. बाहेर पाऊस कोसळत होता, शेजारच्या गाळ्यातून मागांचा खडखडाट येत होता. दादा कागद चाचपत म्हणाले, "अरे प्रोफेसर, तुझा कागद आणि माझे सूत एकाच कापसाचे. आमच्या सुताला दमट हवा मानवते; कोरडी पडली की तार तुटते. तुझ्या यंत्रात वीज आहे ना? मग त्याला ओल कशी चालेल?"

दादांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. दमट कागदातून वीज निसटून जाते आणि पूड ओढायला जोरच उरत नाही. आमच्या श्रावणात तर कागद पापडासारखा सादळतो. मी ताव प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवले आणि छापण्याआधी प्रत्येक कोरा ताव एकदा यंत्रातून नुसताच फिरवून वाळवून घेतला.

दुसरी युक्ती पेशवाईतली. त्या काळच्या दप्तरांत जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद असे. कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे. मी तावाची त्यातल्या त्यात सपाट बाजू निवडली आणि पितळी वाटीच्या बुडाने ती तासभर घोटली. डोंगर थोडे बसले.

बाकीचे यंत्रातच होते, फक्त मी कधी पाहिले नव्हते. छापण्यापूर्वी कागदाचा प्रकार विचारतात, तिथे 'साधा' सोडून 'जाड' किंवा 'खडबडीत' निवडले, की कागद सावकाश सरकतो आणि त्याला उष्णता जास्त मिळते. काही यंत्रांत विजेची ओढही वाढते. पूड वाचवण्याची सोय मी बंद केली. मागचे झाकण उघडून कागद न वळता सरळ बाहेर पडू दिला. अक्षर दोन अंशांनी मोठे आणि ठळक केले. भोवतीची काळीभोर महिरप मात्र कशालाच दाद देईना, म्हणून ती काढून टाकून नुसती दुहेरी रेघ ठेवली. (हौशी वाचकांना एक सूचना: फुलांच्या पाकळ्या किंवा जर असलेला कागद या यंत्रात घालू नका. पाकळी करपते आणि रुळाला ओरखडे पडतात.)

सातव्या तावावर मानपत्र साधले. मी भिंग घेऊन एकेक अनुस्वार मोजला. सगळे जागेवर होते.

सत्काराच्या दिवशी गुरुजींनी मानपत्र हातात घेतले. आधी अक्षरांवरून अंगठा फिरवला. काही निघाले नाही. मग चष्मा लावून ते सावकाश वाचू लागले. सभा थांबली होती. शेवटच्या ओळीशी त्यांनी मान वर केली आणि मला खुणेने जवळ बोलावले.

"कागद सुरेख आहे हो," ते हळूच म्हणाले, "पण प्राध्यापक, 'आशीर्वाद'मधला रफार 'शी'वर नसतो, 'वा'वर असतो."

मी वाकून पाहिले. 'आर्शीवाद' असेच होते, आणि तो रफार अगदी ठसठशीत उमटला होता.