बैलामागे पन्नास रुपये

मुखेड-कंधार हा लाल कंधारी जनावरांचा मुलूख. चांगल्या जोडीचा भाव इथं लाखाच्या घरात जातो. त्याच जोडीतला एक बैल मालकानं चाबकानं झोडपला, किंवा झेपणार नाही एवढं ओझं ओढायला लावलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५०. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर २५ ते १००, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम ११. त्या साली ५० रुपयांत सुमारे साडेचार ग्रॅम सोनं यायचं. आज दोघांचा चहा-भजीचा हिशेब भागतो. २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा काढला, पण त्याचा कायदा काही झाला नाही.

गंमत म्हणजे, बैलगाडा शर्यतीला परवानगी देताना महाराष्ट्रानं २०१७ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती केली. शर्यतीत बैलाचे हाल केले तर दंड ५ लाखांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैल तोच, पण शर्यतीच्या धावपट्टीवर त्याची वेदना शेतातल्यापेक्षा दहा हजार पट महाग! २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे ३.३ कोटी जनावरं होती. प्रत्येकाला एकदा झोडपून पुरेपूर दंड भरला, तरी १६५ कोटी होतात. म्हणजे शर्यतीतले फक्त ३,३०० कमाल दंड.

जनावर ठार किंवा जायबंदी केलं, तर कायदा एकदम गंभीर होतो. जुनी दंडसंहिता तिथंही किंमत विचारायची: १० रुपयांचं जनावर असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, ५० चं असेल किंवा गाय, बैल, घोडा, हत्ती यांपैकी असेल तर पाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नं हा बाजारभाव काढून टाकला. आता कुठल्याही जनावरासाठी पाच वर्षांपर्यंत.

ओझ्याचे नियम मात्र १९६५ पासून बारकाईनं लिहिलेले आहेत. दोन मोठ्या बैलांच्या टायरगाडीला २,७०० किलोची मर्यादा, लाकडी चाकांना १,८००. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. पारा ३७ अंशांच्या वर गेला की दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. मराठवाड्यातला अख्खा मे महिना यात बसतो.

आणि मारहाण किंवा जादा ओझं दिसलं, तरी कलम ११ खाली पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. खटला तीन महिन्यांत उभा राहिला नाही, तर ते ५० रुपयेही वाचतात.