डोळ्याचा पडदा : शस्त्रक्रियेचा निर्णय केव्हा?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यात शेतकऱ्याचे वर्षाचे वेळापत्रक कपाशी आणि सोयाबीन ही पिके ठरवितात. मोतीबिंदूची शस्त्रक्रियादेखील वेचणी आटोपल्यावर करू, असे घरोघरी म्हटले जाते. पिकत चाललेल्या मोतीबिंदूच्या बाबतीत चार-दोन महिन्यांच्या विलंबाने सहसा मोठी हानी होत नाही. परंतु डोळ्याच्या मागील पडद्याला हा हिशेब लागू पडत नाही. पडद्याच्या काही विकारांत एका आठवड्याची दिरंगाई दृष्टी हिरावून घेते, तर काही विकारांत शस्त्रक्रियेची घाई अनाठायी ठरते. म्हणून आपला विकार नेमका कोणता, हे जाणून घेणे हीच निर्णयाची पहिली पायरी होय.

पडदा आणि पीतबिंदू

छायाचित्र काढण्याच्या यंत्रात फिल्मचे जे स्थान, तेच डोळ्यात दृष्टिपटलाचे, म्हणजेच पडद्याचे असते. त्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे साधतात. पडद्याला छिद्र पडले, की डोळ्यातील द्रव त्यातून मागे शिरतो आणि भिंतीचा गिलावा सुटावा तसा पडदा सुटू लागतो. जाड उणे नंबरचा चष्मा असणारे, डोळ्याला मार लागलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, तसेच एका डोळ्याचा पडदा पूर्वी सुटलेला असे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुटलेला पडदा म्हणजे बहुधा अंधत्वच, अशी स्थिती होती. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉ. ज्यूल गोनँ यांनी छिद्र हेच मूळ कारण असल्याचे दाखवून ते बंद करण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. १९७० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून पडद्यापर्यंत पोहोचण्याची पद्धती विकसित केली. आज पडदा बसविण्याच्या पहिल्याच शस्त्रक्रियेत दहांपैकी सुमारे आठ ते नऊ रुग्णांना यश येते.

घाई कोठे, सबुरी कोठे?

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वा जाळे तरंगू लागणे, विजेसारखे लखलखाट दिसणे, एका बाजूने सावलीचा पडदा सरकत येणे, ही धोक्याची लक्षणे होत. या विकारात डोळा दुखत नाही, आणि त्यामुळेच रुग्ण गाफील राहतो. नुसते छिद्र असताना निदान झाले, तर पुष्कळदा लेसर उपचारावर भागते. पडदा सुटला असला तरी पीतबिंदू जागेवर असेल, तर शस्त्रक्रिया तातडीने, शक्य तर एक-दोन दिवसांतच व्हावी लागते. पीतबिंदूही सुटला असेल तर ती साधारणपणे आठवड्याच्या आत व्हावी. त्यानंतर पडदा बसला, तरी दृष्टी पूर्ववत होण्याची आशा उत्तरोत्तर कमी होते.

मधुमेहाने होणाऱ्या विकाराचे गणित निराळे आहे. तेथे साखर व रक्तदाब यांवर नियंत्रण, लेसर आणि डोळ्यातील इंजेक्शने यांवर अनेकदा भागते. डोळ्यात रक्तस्राव झाला तरी सोनोग्राफीत पडदा जागेवर असल्याचे दिसल्यास तज्ज्ञ काही काळ वाट पाहू शकतात. मात्र पीतबिंदू ओढला जाऊ लागला, की शस्त्रक्रिया टाळता येत नाही. पडद्यावर आलेल्या पातळ पापुद्र्याने कामकाजात अडथळा येत नसेल, तर नियमित तपासणी पुरेशी ठरते. संग्रामपूर तालुक्याचा काही भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतो आणि या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण आढळतात. मूत्रपिंडाच्या विकाराला मधुमेह वा उच्च रक्तदाबाची जोड असेल, तर अशा रुग्णांनी वर्षातून एकदा तरी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.

विचारावयाचे प्रश्न

संमतीपत्रावर सही वा अंगठा देण्यापूर्वी रुग्णाने व नातलगांनी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. पीतबिंदू जागेवर आहे काय? थांबल्यास काय होईल? दृष्टी किती सुधारेल, की आहे तेवढीच टिकेल? डोळ्यात वायू भरणार, की सिलिकॉन तेल? तेल बहुधा काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावे लागते. वायू असेपर्यंत विमानप्रवास वा उंच घाटाचा प्रवास करता येत नाही, कारण उंचीवर वायू प्रसरण पावून डोळ्यातील दाब धोकादायक वाढतो. काही दिवस मान खाली घालून राहावे लागते. पुढे मोतीबिंदू वाढण्याचाही संभव असतो. तेव्हा शेतीच्या व घरच्या कामाला माणूस कोण, याचाही विचार त्याच बैठकीत व्हावा.

खर्चाच्या भीतीने निर्णय लांबविणे मात्र योग्य नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली आपली शस्त्रक्रिया येते काय, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. लक्षणे दिसताच जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे आणि पडद्याच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची चिठ्ठी त्याच दिवशी मागावी. अकोला येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथेही विचारणा करता येईल.

शेतातील बोंडे आठ दिवस उशिरा वेचली, तर नुकसान होते खरे. पण ते पुढच्या हंगामात भरून काढता येते. सुटलेल्या पडद्याला पुढचा हंगाम नसतो.